पाहुण्यांचे कप

नाशिकमध्ये माणसाचं नाव कळायच्या आधी तो राहतो कुठे ते विचारतात. मी गमतीने म्हणत नाही. कॉलेज रोडच्या एका कपड्यांच्या दुकानात मी बिलिंगला होते, तिथे हे रोज कानावर पडायचं. कुणी 'गंगापूर रोड' म्हटलं की विचारणाऱ्याचा आवाज मऊ व्हायचा. मला विचारलं की मी 'द्वारका' म्हणायचे आणि लगेच पुढचा प्रश्न यायचा, 'द्वारकेला कुठे?' तो मऊ नसायचा. द्वारकेच्या चौकात दुकानं आहेत, ट्रॅव्हल्सची ऑफिसं आहेत, चांगल्या इमारतीही आहेत. तेव्हा 'चौकाजवळच' म्हणून मी वेळ मारून न्यायचे. खोटं काही नव्हतं त्यात. चौकातून आत वळायचं, गॅरेजांच्या रांगेमागे जायचं, की उड्डाणपुलाचा आवाज डोक्यावर घेऊन बसलेली आमची वस्ती लागते.

पत्र्याची घरं, मधून उघडं गटार, आणि गल्लीच्या तोंडाशी नळ. त्या नळाला पहाटे पाणी यायचं, तेही घाईत असल्यासारखं. गंगापूर रोडला मात्र दिवसभर पाणी. धरणच त्यांच्या रस्त्याच्या टोकाला आहे ना. सगळ्यांची तहान भागून उरलं तर आमच्याकडे. शहरात कुणी मोठा पाहुणा यायचा असला की महापालिकेची माणसं आमच्या वस्तीपुढे हिरवं कापड बांधून जायची, म्हणजे पाहुण्याच्या डोळ्याला त्रास नको. पाहुणा गेला की कापड काढून न्यायची. बायका म्हणायच्या, राहू द्या की ओ, आंघोळीच्या मोरीला होईल. तेवढंही ठेवायचे नाहीत.

माझं लग्नाचं वय झालं तेव्हा दोन स्थळं आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच परत गेली. एक जण तर मोटरसायकलवरून खाली उतरलासुद्धा नाही. घरात पोहे तयार होते. आई फुलबाजारातून फुलं आणून हार करून विकायची, वडील रंगकाम करायचे. मी बी.कॉम. झालेली, दिसायला बरी, जातीतलीच स्थळं, पत्रिकाही जुळलेल्या. जुळत नव्हता तो पत्ता.

मग तिसरं स्थळ आलं. मुलगा सातपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर, इंदिरानगरला स्वतःचं रो-हाऊस, वडील बँकेतून रिटायर. फोटो आवडला, फोनवर बोलणं सुरू झालं. तो चांगला बोलायचा. माझं दुकान सुटायच्या वेळेला फोन करायचा आणि मी शालीमारपर्यंत चालत जायचे, बस न घेता, बोलणं लांबावं म्हणून. मी त्याला सगळं सांगितलं होतं. वस्ती, नळ, पत्रे, सगळं. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही. फक्त आईला आत्ताच सांगू नकोस. एकदा तिने तुला पाहिलं की मी बघतो."

मला ते लग्न हवं होतं. साळसूदपणे 'घरच्यांची इच्छा' वगैरे मी म्हणणार नाही. मला तो हवा होता, आणि तो राहतो ते घर हवं होतं. घरात नळ हवा होता. दार लावल्यावर बाहेरचा आवाज बाहेर राहील असं दार हवं होतं. कुणाला हाव वाटली तर वाटो.

आता प्रश्न एकच होता. त्याच्या आईला घर पाहायचं होतं. "मुलीपेक्षा मुलीचं घर बघावं," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या.

तोडगा मावशीने काढला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्याच गल्लीत शेवटच्या घरात राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, माझ्यावर जीव. ती गंगापूर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत स्वयंपाकाला जायची. माझी ती सख्खी मावशी, पण त्या सोसायटीत ती सगळ्यांचीच मावशी होती. तिकडे कामवालीला बाई म्हणणं वाईट दिसतं, म्हणून मावशी म्हणतात. नात्याला काही खर्च येत नाही.

ती ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कामाला होती त्या मॅडम एकट्याच राहायच्या. मुलगी पुण्याला दिलेली. मावशीने त्यांच्याकडे शब्द टाकला, की भाचीला पाहायला पाहुणे यायचेत, आमची जागा लहान, एका रविवारी तुमच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला तर. मॅडमना फारच आनंद झाला. "अगं, विचारायचं काय त्यात! मुलीचं कल्याण होत असेल तर माझं घर काय आणि तुझं काय. मी नाहीतरी मुलीकडे चाललेय." खालच्या बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना त्यांनी हे सांगितलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडतंय असं वाटलं की माणसं किती खुलतात.

रविवारी सकाळी आम्ही किल्ली घेऊन गेलो. आई, वडील, मी आणि मावशी. तिघं लिफ्टने वर गेलो, मावशी पोह्यांची पिशवी घेऊन जिन्याने आली. "त्या लिफ्टची सवय नाय मला," म्हणाली. घर उघडलं. मॅडमनी दोन्ही बेडरूमना कुलपं लावली होती, टीव्हीखालचं कपाटही बंद केलं होतं. मावशी घाईघाईने म्हणाली, "मांजर शिरतं ना, म्हणून लावत्यात." चौथ्या मजल्यावर मांजर.

दारावर मॅडमच्या आडनावाची पितळी पाटी होती. पाहुण्यांना आम्ही सांगितलं होतं की आमच्या घराचं काम काढलंय, म्हणून कार्यक्रम मावशीच्या घरी. म्हणजे हे घर मावशीचं. आईने रात्रीच झेंडूचं चांगलं जाड तोरण करून ठेवलं होतं. ते दारावर असं बांधलं की पाटीचा एक अक्षरभर भागही दिसू नये. वडील मागे सरकून बघायला लागले, रंग दिलेल्या भिंतीकडे बघतात तसे, कुठे राहिलंय का. "दिसत नाय," म्हणाले.

मावशीला मी शिकवून ठेवलं होतं. सोफ्यावर बसायचं, खाली बसायचं नाही. आत-बाहेर पळायचं नाही. पाहुण्यांना तू म्हणायचं नाही आणि सारखं जी-जीही करायचं नाही. 'आमची मावशी फार कमी बोलते' असं मी आधीच सांगेन, बाकी मी सांभाळते. ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष सोफ्याच्या कव्हरकडे होतं. गेल्या आठवड्यात तिनेच ते धुतलं होतं. आत्तापर्यंत ती त्यावर कधी टेकलीसुद्धा नव्हती.

पाहुणे आले, तिघंच. तो, त्याची आई, वडील. लिफ्टमधून बाहेर पडतानाच त्याच्या आईचा चेहरा पाहण्यासारखा होता. इमारत पसंत पडली होती. तोरणाकडे बघून त्या म्हणाल्या, "वा, सजवलंय हो छान." आई लाजली. हॉलमध्ये येऊन त्यांनी पडदे पाहिले, बाल्कनीतून दिसणारी झाडं पाहिली आणि निवांत बसल्या. मी पोहे घेऊन बाहेर आले, नेहमीचे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, पुढे नोकरी करणार का. त्याने माझ्याकडे बघून हळूच हसून घेतलं. मला वाटलं, झालं. जमलं.

मावशी सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, पुढच्या थांब्यावर बसमधून पटकन उतरायचं असावं तशी. त्याची आई तिच्याकडे वळली. "आमच्या मावशी सारख्या दांड्या मारतात हो. आज येते म्हणाली आणि फोन बंद. तुमच्याकडे कामाला कोण आहे?"

"मीच," मावशी म्हणाली.

मी घाईने पोह्यांची बशी पुढे केली. पण त्या बाईंना ते कौतुकाचं वाटलं. "अरे वा! एवढं मोठं घर आणि सगळं स्वतः करता? म्हणूनच इतकं स्वच्छ आहे. मुलीवर तेच संस्कार असणार." मावशीला मनापासून बरं वाटलं असावं. त्या घरात तिच्या कामाचं असं कौतुक बहुतेक पहिल्यांदाच झालं.

मग ती चहा ठेवायला उठली. मी मागोमाग जायला हवं होतं, पण त्याच्या वडिलांनी तेवढ्यात दुकानाचं काही विचारलं आणि मी उत्तर देत बसले. मावशी ट्रे घेऊन आली. मॅडमनी पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम काढून ठेवलेला निळ्या फुलांचा नाजूक सेट, त्यातले तीन कप. ते तिने पाहुण्यांपुढे ठेवले. आत गेली. दुसरा ट्रे घेऊन आली. त्यात एक स्टीलचा पेला, एक कान तुटलेला मग, एक प्लास्टिकचा कप आणि एक वाटी. ते तिने आमच्यापुढे ठेवलं. वडिलांना पेला, आईला मग, मला प्लास्टिकचा कप. स्वतः वाटी घेतली आणि सोफ्याशेजारी खाली फरशीवर बसली.

मला एका क्षणात कळलं ते काय आहे. ती भांडी त्या घरात सिंकखाली वेगळ्या फळीवर असायची. एक स्वयंपाकवालीचं, एक झाडूपोछावालीचं, एक गाडी धुणाऱ्याचं. मावशीने मला कधीतरी सहज सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे. तिच्या हाताला त्या घरात दोनच प्रकारची माणसं ठाऊक होती. सेट पाहुण्यांचा, आणि फळी आपल्या माणसांची. आम्ही तिची आपली माणसं होतो.

वडिलांनी पेला उचलला आणि प्यायला सुरुवात केली. त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. घरीही ते पेल्यातच पितात.

त्याच्या आईने एक घोट घेतला होता. त्या आमच्या हातांकडे बघायला लागल्या. एकेकाचा हात, एकेकाचं भांडं. मग खाली बसलेल्या मावशीकडे. "तुम्ही खाली का बसलात?" त्यांनी विचारलं, आवाज अजून गोडच होता. "आणि कप कमी पडले का?"

"नाय नाय, लय कप हायेत," मावशी म्हणाली. "आमचे हेच हायेत."

त्या हसल्या. मग 'हात धुऊन येते' म्हणून उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मला माहीत होतं त्या काय बघायला गेल्या. सिंकखालची ती फळी त्यांनी एका नजरेत ओळखली असणार. ओळखायला जड गेलं नसेल, कारण तशी फळी त्यांच्याही घरात असणारच. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. अर्धा भरलेला कप त्यांनी बशीसकट टीपॉयवर ठेवला, जरा लांब सरकवला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "निघू या. कळवू आपण यांना."

मी त्याच्याकडे बघितलं. सगळं माहीत असलेला तो एकटाच होता. त्याने बोलायला हवं होतं. 'आई, मला माहीत आहे', एवढंच. तीन-चार शब्द. तो मोबाईलमध्ये काहीतरी बघत होता. चपला घालतानाही बघत होता. दारातलं तोरण त्याच्या खांद्याला लागलं आणि एक फूल खाली पडलं, ते आईने वाकून उचललं.

दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. माझ्या वडिलांनी मोबाईल स्पीकरवर टाकला, कारण त्यांना पुलाच्या आवाजात ऐकू येत नाही. "तुमच्या परिस्थितीबद्दल आमचं काही म्हणणं नाही," समोरून सावकाश आवाज आला. "गरिबी हा काही गुन्हा नाही. पण खोटेपणा आमच्या घरात चालत नाही. आमच्या मुलाची फसवणूक झाली." वडील 'हो साहेब, हो साहेब' म्हणत होते. मुलगी दिलेली नसताना, काही घेतलेलं नसताना, हो साहेब. मी मोबाईल हिसकावून घेणार होते, की तुमच्या मुलाला विचारा, फसवणूक कुणाची झाली ते. आईने माझा हात धरून ठेवला. त्या मुलाचा मेसेज आला संध्याकाळी. आईपुढे माझं काही चालत नाही, टेक केअर. मी नंबर पुसून टाकला. पुसूनही तो कितीतरी दिवस पाठ होता.

घरात सगळा राग मावशीवर निघाला. आई तिला बोल बोल बोलली. एवढं शिकवलं होतं, एवढी माती खाल्लीस, माझ्या पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस. मावशी उंबऱ्यात बसून ऐकून घेत होती. मी मध्ये पडले नाही, कारण मलाही तेच म्हणायचं होतं. शेवटी मी तिला विचारलं, "अगं, सेटमध्ये सहा कप होते. आम्हाला का नाही दिलेस?"

"तुमची तोंडं लागली असती गं त्याला," ती म्हणाली.

"मग? धुऊन ठेवायचे. मॅडमना कसं कळलं असतं?"

"त्यांना नसतं कळलं. मला म्हायती असतं ना." आणि ती रडायला लागली. "सोमवारी त्याच कपात त्यांना च्या द्यायचा. माझा हातच उठला नाय."

मला तिची दया आली नाही. मला चीड आली, इतकी की पत्र्यावर डोकं आपटावंसं वाटलं. तिला कुणी शपथ घातली नव्हती, दम दिला नव्हता. मॅडम तर तिच्याशी कायम गोडच बोलायच्या. दिवाळीला साडी द्यायच्या. एवढं गोड बोलून त्यांनी तिच्या हातात असं काही भरून ठेवलं होतं, की त्या घरात कुणी नसतानासुद्धा ती फळी तिच्यावर लक्ष ठेवून होती.

मॅडम पुण्याहून आल्या. मावशीने त्यांना कार्यक्रम कसा झाला ते सांगितलं. पाहुण्यांना घर लय आवडलं, निळे कपही आवडले, पण जमलं नाही. मॅडम हळहळल्या. 'नशिबात असेल तिथे जमेल गं,' म्हणाल्या. मग मावशीचा कामाचा दिवस संपला तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि एक खोकं हातात दिलं.

संध्याकाळी मावशी ते खोकं घेऊन आमच्याकडे आली. आईशी अबोला होता, पण खोक्यामुळे तो सुटला. आत निळ्या फुलांचा सगळा सेट होता. सहा कप, सहा बशा, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. "मॅडम म्हणाल्या, पाहुण्यांनी वापरले ना, आता तूच ने," मावशी उजळलेल्या चेहऱ्याने सांगत होती. "म्या म्हणलं, चांगले घासून ठेवलेत. तर म्हणाल्या, असू दे गं, मला नको आता ते."

मी हसायला लागले. आईला वाटलं मला वेड लागलं. ज्या बाईने आमच्यासोबत बसून चहा प्यावा लागला म्हणून कप अर्धा ठेवून दिला, तिचं तोंड लागलं म्हणून मॅडमनी आख्खा सेट घराबाहेर काढला होता. इंदिरानगर, रो-हाऊस, बँकेतली नोकरी, इंजिनिअर मुलगा, सगळं त्या कपात बुडालं होतं. ते कामवालीचे पाहुणे होते, संपलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या बाईंना फोन करावा आणि सांगावं, की बाई, तुम्हीही फळीवरच्याच बरं का. पण त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि पाठ होता तो मुलाचा. त्याला सांगून काय उपयोग.

हे सगळं मी आई आणि मावशीला समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, "तू लय वाकडा विचार करती. मनाने दिलेत त्यांनी." आईने तर ऐकलंच नाही. ती एकेक कप उजेडात धरून बघत होती. बोट लावलं की वाजतात का, ते बघत होती. मग तिने भिंतीवरची मांडणी रिकामी केली, वरचा कप्पा पुसला, त्यावर कागद घातला आणि सहाही कप ओळीने मांडले. आमच्या घरात तेवढी सुंदर वस्तू कधी आली नव्हती, हे मात्र खरं.

चहा झाला. आईने नेहमीप्रमाणे स्टीलचे पेले काढले. मी उठले आणि वरच्या कप्प्यातून एक निळा कप घेतला. मला त्या कपातून चहा प्यायचा होता. पोटभर, शेवटच्या थेंबापर्यंत, गाळासकट.

आईने माझ्या हातातून कप काढून घेतला. रागाने नाही, अगदी सहज. पदराने पुसला आणि होता तिथे परत ठेवला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "पाहुण्यांचे हायेत."

मावशीने मान हलवली. मग माझ्यापुढे पेला आला.